पाहुण्यांचा हिवाळा

हरभऱ्याला घाटे धरले की मला अजूनही वाटतं, रविवारी घरी पाहुणा येणार. थंडी पडली की आमच्या वरवट गावाच्या उत्तरेला सातपुडा जरा जवळ सरकल्यासारखा दिसतो. कापसाची दुसरी वेचणी चाललेली असते. गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहतो. अशा सकाळी मी फडताळाशी जाते आणि वरच्या फळीवरचं मोठं पातेलं काढायला हात लांबवते. मग आठवतं की आता आपण दोघंच जेवणार. सहा हिवाळे झाले, पण हाताची सवय जात नाही.

लोकांकडे हिवाळ्यात लग्नाचे पाहुणे येतात, आमच्याकडे क्रिकेटचे यायचे. आमचे हे म्हणजे तायडे सर, इथल्याच शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी आठ-दहा जणांना जमवून क्रिकेट शौकीन मंडळ काढलं होतं. खेळायचं वय सगळ्यांचंच उलटून गेलेलं. धावायला सांगितलं असतं तर निम्मे वाटेतच बसले असते. पण नाद म्हणजे नाद. दिवाळी झाली की होळीपर्यंत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, शाळेच्या ओसरीत बाहेरगावचा कुणी क्रिकेटवाला येऊन बोलायचा. नाव ऐकून धावत जावं असे खेळाडू आमच्या गावात कशाला येतील? यायचे ते कुठल्या तालुक्याच्या संघाचा म्हातारा यष्टिरक्षक, जन्मभर दुसऱ्यांच्या धावा लिहिलेला कुणी स्कोअरर, नाहीतर शहरातल्या मैदानावर रोलर ओढलेला माणूस. पण स्वागत असं व्हायचं की त्या माणसाला वाटावं, मी इतके दिवस उगाच स्वतःला लहान समजत होतो.

भाषणाचा विषय कायम एकच असे: मी कसा बाद झालो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं. घरी बोलावून, वांग्याची भाजी आणि रोडगे खाऊ घालून माणसाला त्याची फजिती विचारायची, ही कुठली रीत? मी देऊळगाव राजाची. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात. यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "जिंकल्याची गोष्ट कोणीबी सांगते वं. बाद कसा झाला ते सांगताना माणूस खरा दिसते."

त्यातही चार गोष्टींना बंदी होती. अंपायर, खेळपट्टी, ऊन आणि नशीब. पाहुण्याच्या तोंडून यांतलं एक जरी आलं की सगळी ओसरी टाळ्या वाजवायची, आणि बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. अकोल्याहून आलेल्या एका फलंदाजाला चार वेळा थांबवलं. पाचव्या वेळी तो म्हणाला, "मी भ्यालो होतो हो." त्या रात्री जेवताना त्या माणसाने तीन रोडगे खाल्ले. एवढं मोकळं झालेलं माणूस मी माझ्या स्वयंपाकघरात त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक नियम होता. पाहुणा बाहेरगावचाच पाहिजे. गावातल्या एकाला खुर्चीत बसवलं तर दुसरा म्हणणार, मी काऊन नाही? मग मंडळ राहील बाजूला आणि भांडण मात्र होळीपर्यंत पुरेल. नियम शहाणपणाचाच होता. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं झालं. सगळ्या जिल्ह्याच्या फजित्या आम्ही ऐकल्या आणि आमच्याच ओसरीत बसलेल्या माणसांना कधी काही विचारलं नाही.

मला तर एकाचीच ऐकायची होती. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा यांनी बॅट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलेली होती. सासूबाईंकडून कळलं की हे आणि गावातलेच सलीमभाई तालुक्यात सलामीला जायचे, दोघं उभे राहिले की समोरच्या संघाच्या तोंडचं पाणी पळायचं. मग अकोल्याला निवड चाचणी झाली. यांची संघात निवड झाली, आणि हे खेळायला गेलेच नाहीत. त्यानंतर बॅटही कधी हातात धरली नाही. का, ते सासूबाईंना माहीत नव्हतं. सलीमभाई वाजवीपेक्षा जास्त बोलणारा माणूस नव्हे. यांना विचारलं की हे हसायचे. "तुम्ही कसे बाद झालात?" मी दर हिवाळ्यात एकदा तरी विचारायची. उत्तर ठरलेलं असायचं, "माहा नंबर नाही आला अजून." बायकोला नवऱ्याच्या सगळ्या सवयी कळतात. हा एक कोपरा तेवढा बंद होता, आणि बंद असल्यामुळेच माझं लक्ष सारखं तिकडे जायचं.

त्यांचा आवाज कसा होता हे मी कसं सांगू? शाळेत शेवटच्या वर्गात पाढे सुरू झाले की मला घरी आमटीला फोडणी देताना ऐकू यायचे. पण पाहुण्याची ओळख करून देताना तो आवाज वेगळाच व्हायचा. हे आधी अर्धा मिनिट गप्प उभे राहायचे. मग अगदी खालून, कानात सांगावं तसे सुरू व्हायचे आणि हळूहळू असे चढत जायचे की समोर बसलेला स्कोअररसुद्धा ताठ व्हायचा. पाहुण्याचं नाव सगळ्यात शेवटी. गावातली पोरं म्हणायची, भाषण राहू द्या, सरायचा परिचयच आयकाले येतो आमी.

सलीमभाईंचं बाजारात मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान. ओसरीत माईकची काही गरज नव्हती, आणि यांना तर नव्हतीच. तरी दर वेळी सलीमभाई माईकची पेटी घेऊन यायचे, वायरी जोडायचे आणि पेटीजवळ बसून शेवटपर्यंत ऐकायचे. कधी प्रश्न विचारला नाही, कधी हसले नाहीत. जेवायला मात्र हक्काने यायचे. "भाभी, भाजीत मिरची कमी हाय आज," एवढंच काय ते बोलणं. एकेकाळचे सलामीचे जोडीदार एका पंगतीत शेजारी बसायचे आणि बोलायचे ते तुरीवरच्या अळीबद्दल.

मग तो हिवाळा आला. अजून मी त्यातून बाहेर पडले नाही.

दिवाळीपासूनच यांचा घसा बसला होता. कापसाचे दिवस, हवेत तंतू, त्यात थंडी. गावात निम्म्यांचे घसे बसलेले असतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मी हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला, रात्री गळ्याला मफलर गुंडाळला. कार्तिकात खामगावचे यष्टिरक्षक आले, दहाही बोटं वाकडी. यांनी खरखरीत आवाजात परिचय करून दिला तर लोक म्हणाले, आज सर जरा भारीच वाटले. मार्गशीर्षात एक अंपायर आले. त्यांनी चुकून बाद दिलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. नंतर चहा पिताना ते मला म्हणाले, तो माणूस आता माझा व्याही आहे. आम्ही पोट धरून हसलो. हेही हसले, पण हसण्याला आवाज नव्हता. माझ्या ते लक्षात आलं होतं. लक्षात आलं होतं आणि मी ते सोडून दिलं, हे इथे लिहिलंच पाहिजे.

संक्रांतीनंतर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नागपूरचे एक फिरकी गोलंदाज येणार होते. दुपारी त्यांचा फोन आला, ताप आहे, प्रवास जमत नाही. इकडे ओसरी भरलेली. मी सकाळपासून राबून पंचवीस माणसांचं करून ठेवलेलं. आता काय, असं म्हणेपर्यंत सलीमभाई पेटीजवळून उठले. इतक्या वर्षांत ते भर सभेत पहिल्यांदाच बोलले.

"सर, आज तुमीच बसा खुर्चीत."

लगेच गलका झाला. हाव, हाव, सरच बोलतीन, एक दिवस नियम मोडला तर काय आभाळ कोसळते का. मी बायकांत बसले होते. यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि सलीमभाईंकडे बघत होते. यांनी खाकरून घसा साफ केला. तो नेहमीचा अर्धा मिनिट सुरू झाला होता. मला माहीत होतं, आता हे बोलणार. मी ज्याची जन्मभर वाट पाहिली ते दोन पावलांवर आलं होतं.

आणि मी उठून उभी राहिले.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "घसा बघा किती बसलाय. आज गप्प राहा, पुढच्या महिन्यात काय बोलायचं ते बोला."

सगळे हसले. कुणीतरी ओरडलं, "काकूनं सरायले पहिल्याच चेंडूवर घरी धाडलं बे!" हेही हसले, मान हलवली आणि खाली बसले. सलीमभाई वायरी गुंडाळू लागले. मी मनातून खूश होते. नवऱ्याची काळजी घेणारी बायको म्हणून चार जणींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं होतं. मला वाटलं होतं, आपण त्यांचा आवाज जपला.

पुढच्या महिन्यात आम्ही अकोल्याला डॉक्टरांकडे होतो. होळीच्या आत ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं. यांचा जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजण्यापुरतासुद्धा उरला नाही.

लोक मला म्हणतात, माणूस आहे ना समोर, हे काय कमी आहे? कमी नाहीच. मी रोज देवापुढे दिवा लावते तेव्हा तेच म्हणते. पण आवाज म्हणजे काही तिळगूळ नव्हे, आज नको म्हणून डब्यात भरून ठेवायला. त्या दिवशी यांना बोलू दिलं असतं तर आजार टळला नसता, डॉक्टरांनीच सांगितलंय ते. मात्र ती गोष्ट मला त्यांच्या आवाजात मिळाली असती. सहा वर्षांत असा एक दिवस गेला नाही की मला ते टोचलं नाही.

बरं, त्यांचा आवाज कुणाकडे जपलेलाही नाही. मंडळाच्या भाषणांचं चित्रण गावातल्या कितीतरी मोबाइलवर असेल. मी घरोघर जाऊन विचारलं. सगळीकडे तोच प्रकार. परिचय चालू असेपर्यंत मोबाइल खिशात आणि पाहुणा उभा राहिला की वर. सरांचं काय, सर तर रोजचेच. प्रत्येक चित्रण पाहुण्याच्या "नमस्कार मंडळी"पासून सुरू होतं. एकाच्या मोबाइलमध्ये तेवढे यांचे शेवटचे दोन शब्द सापडले, "जोरात वाजवा!" मग टाळ्या. तेवढंच मी माझ्या मोबाइलवर मागवून घेतलंय. हे अंगणात असतात तेव्हा मी ते लावते.

घर आता शांत आहे, पण मुकं नाही. मला बोलवायचं असलं की हे टाळी वाजवतात. ओठ हलवतात ते मला वाचता येतं, दुसऱ्या कुणाला येत नाही. मोठं भांडण असलं तर वहीत होतं. वहीत भांडायला मजा येत नाही, कारण हे रागातसुद्धा ऱ्हस्वदीर्घ सांभाळतात आणि माझी चूक लाल पेनने दुरुस्त करून मग उत्तर लिहितात.

यंदा दिवाळी झाल्यावर पूजा घरी आली. ही यांची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिकवते. बंद पडलेलं मंडळ पुन्हा सुरू करतोय म्हणाली.

"पयल्या सभेले पाहुणे म्हणून सर पायजेत."

"गावचा माणूस चालत नाही ना," मी म्हटलं.

"थो नियम मोडला आमी."

मला तिचा राग आला. बोलता येत होतं तेव्हा नियम, आणि आता खुर्ची! पण हे ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी मान हलवली, हो म्हणून. पूजा गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही लिहून द्या, मी वाचून दाखवते." त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, "माझं मी बघतो." खाली रेघ मारली. म्हणजे विषय संपला.

रविवारी ओसरी भरली. जुने सहा-सात जण उरलेत, बाकी सगळे यांच्या हाताखालून गेलेले. सलीमभाईंचं दुकान आता मुलगा बघतो, पण त्या दिवशी पेटी घेऊन ते स्वतः आले. मला ते बघवेना. माईक कुणासाठी आणलाय? पूजाने परिचय करून दिला. चांगला दिला बिचारीने. मी डोळे मिटून घेतले होते आणि मला दुसराच आवाज हवा होता.

हे उठले, खुर्चीवर बसलेच नाहीत. सरळ ओसरीच्या भिंतीवरच्या फळ्याशी गेले आणि खडू उचलला. पहिली ओळ लिहिली. यांनी फळ्यावर काही लिहिलं की मोठ्याने वाचायचं, ही निम्म्या गावाला लहानपणी लागलेली सवय. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळी ओसरी एका सुरात वाचू लागली.

"मी बाद झालो नाही."

लोक हसले. हे वळले नाहीत. पुढची ओळ लिहिली.

"सलीम बाद झाला."

मग अकोल्याची निवड चाचणी आली. दोघं खेळत होते, दोघांतल्या एकालाच घेणार होते. "सलीम माझ्याहून चांगला होता." तेही सगळ्यांनी वाचलं. चेंडू यांनी मारला होता आणि क्षेत्ररक्षकाच्या हाताशी गेला होता. ज्याने मारला त्याने हाक द्यायची असते, पळ किंवा नको. समोरच्याने त्या हाकेवर विसंबायचं असतं, नाहीतर तो अर्ध्या वाटेत धावबाद होतो. "धाव नव्हती. सलीम निघाला. मला दिसलं." आता वाचणारे आवाज विरळ होत चालले होते. मी वाचत होते. खडू फळ्यावर जोरात टेकत होता.

"मी 'नको' म्हणू शकत होतो."

हे एकट्या पूजाने वाचलं.

"म्हणालो नाही."

हे कुणीच वाचलं नाही.

मला वाटत होतं, ही गोष्ट ऐकली की माझ्या जिवाला गार वाटेल. तसं काही झालं नाही. इतकी वर्षं हा माणूस दर पाहुण्याला मोठं करत होता, ते कशापायी हे मला तेव्हा कळलं आणि मी पदर तोंडाला लावला. संघातली सलीमभाईंची जी जागा यांनी घेतली होती, ती यांनी वापरलीच नव्हती. दोघांचंही क्रिकेट त्या एका धावेत गेलं होतं.

सलीमभाई पेटीजवळून उठले. मी घाबरले.

"मले माहीत होतं, सर," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, भाजीत मिरची कमी आहे म्हणावं तसा. "तवाच माहीत होतं. मी अर्ध्यात होतो अन् तुमचं तोंड मले दिसून राह्यलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला काऊन नाही?" जुन्यांतलं कुणीतरी म्हणालं.

"मी कायले बोलू? मले सरायच्या तोंडून आयकाचं होतं."

तोंडून. मी त्या ओसरीत बसले होते आणि मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. त्या जानेवारीत सलीमभाई उगाच उठले नव्हते. हे उगाच खुर्चीला धरून उभे राहिले नव्हते. दोघांनी एकमेकांना खूण केली होती, आणि त्यांच्या मधे मी मफलर घेऊन उभी राहिले होते.

सलीमभाई फळ्याकडे यायला निघाले. हळूहळू, गुडघे धरलेत त्यांचे. हे वळले, हाताला खडू, आणि यांचे ओठ हलायला लागले. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. सलीमभाईंना काही कळेना. त्यांनी चालता चालता माझ्याकडे पाहिलं.

"भाभी, काय म्हणून राह्यले सर?"

"नको म्हणताहेत," मी सांगितलं.

पण तो असा सांगायचा शब्द नव्हता, ती हाक होती. यांच्याकडे आवाज असता तर पार बाजारापर्यंत गेला असता. मी उठले. भरल्या सभेत मी याआधी एकदाच उभी राहिले होते. माझा आवाज चिरका आहे, त्याला यांच्या आवाजाची सर कधी येणार नाही. तरी होता नव्हता तेवढा सगळा जीव एकवटून मी ओरडले, "नको, सलीम! नको!"

सलीमभाई होते तिथेच थांबले.